लहान विद्यापीठात क्रांती कशी करावी : नवशिक्यांसाठी

आधी विद्यापीठ नीट निवडा. दिल्ली-पुण्याकडे जाऊ नका, तिकडे घोषणा द्यायलाही नंबर लावावा लागतो. आपल्याला हवं जिल्ह्यापुरतं विद्यापीठ. सोलापूरचं २००४ साली शिवाजी विद्यापीठातून फुटून एकाच जिल्ह्यासाठी निघालं. गडचिरोलीचं गोंडवाना २०११ सालचं, त्याच्याकडे दोन जिल्हे. अशा ठिकाणी कार्यकर्त्यांचा तुटवडा असतो, त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही शहराध्यक्ष होता.

निवडणूक कधी, असं विचारून हसं करून घेऊ नका. मुंबईत १९८९ साली ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि पुढे राज्यातल्या थेट निवडणुका बंद पडल्या. १९९४ च्या कायद्याने वर्गात पहिला येणाराच प्रतिनिधी ठरू लागला. म्हणजे राजकारण दिसलं की लायब्ररीत पळणारा मुलगाच नेता! त्याच्या मताला मात्र विद्यार्थी परिषदेचा सचिव निवडताना भाव यायचा, म्हणून त्याला मतदानापर्यंत सहलीला नेऊन ठेवायची पद्धत पडली. आमदारांनी हॉटेलं गाठण्याची कला कुठून शिकली, हा संशोधनाचा विषय आहे. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली. ती २०१९ ला व्हायची होती, पण विधानसभेची निवडणूक आडवी आली, मग करोना आला. तेव्हा मतपेटी विसरा आणि निवेदन लिहायला शिका.

निवेदन ‘मा. कुलगुरू महोदय’ यांना लिहायचं, द्यायचं कुलसचिवांना, फोटो मात्र दोघांबरोबर काढायचा. मागण्या कितीही असोत, शेवटी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ हे वाक्य हवंच. ते नसेल तर पत्रकारसुद्धा कागद परत करतो. आता खरं काम. मूळ प्रत आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. तिथला कारकून जेवायला गेला असेल तर थांबा. विद्यापीठात कुलगुरू पाच वर्षांसाठी येतात, हा माणूस निवृत्तीपर्यंत असतो. कोणती फाईल कोणत्या टेबलावर झोपली आहे हे त्यालाच ठाऊक. त्याच्याशी भांडणारे पुष्कळ नेते मी पाहिले. त्यांचे निकाल राखीव राहिले असं म्हणणार नाही, पण त्यांच्या पोचपावत्या कधी सापडल्या नाहीत.

शत्रू जपून निवडा, कारण मेस एकच आहे. विरोधी संघटनेचा अध्यक्ष बहुधा तुमचाच रूममेट निघतो. दुपारी तो तुमच्याविरुद्ध पत्रक काढतो आणि सकाळी तुमच्याच बादलीने आंघोळ करतो. गेटवर तुम्ही ‘मुर्दाबाद’ म्हणता, तो आवाज ओळखून परीक्षा विभागातले तुमच्या गावचे काका संध्याकाळी घरी फोन लावतात, ‘पोरगं उन्हात उभं होतं, टोपी देत जा.’ अशाने व्यवस्थेवर राग टिकवणं फार अवघड जातं. टपरीवर आंबेडकर, मार्क्स, सावरकर यांवरून रात्र जागवा, हरकत नाही; सकाळी पुनर्मूल्यांकनाची फी वाढल्याचं कळलं की तिन्ही बाजू एकाच ठिय्यावर बसतात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेल्या पोराला कोणत्या बाजूचा म्हणायचं?

नावाच्या प्रश्नाला मात्र नवशिक्याने हात घालू नये. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव १९७८ च्या जुलैत झाला, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात दलितांच्या वस्त्या जळल्या, माणसं गेली. त्यावर विनोद करायची माझी छाती नाही. सोलापुरातही सिद्धेश्वर की अहिल्यादेवी अशी ओढाताण झाली आणि २०१९ साली अहिल्यादेवींचं नाव लागलं. या विषयावर बोलण्याआधी ऐकायला बसा, तेही जुन्या माणसांजवळ.

आता शेवटची पायरी. शिक्षण संपलं तरी गाव सोडू नका. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात, आणि तिथे खरंखुरं मतदान होतं. विद्यार्थी असताना जे मत मिळालं नाही ते विद्यार्थी नसताना मिळतं. त्यासाठी नोंदणीचा अर्ज भरावा लागतो, अर्जाला पदवीची प्रत जोडावी लागते. पदवी अजून हाती आली नसेल, तर आवक-जावकच्या काकांना विचारा. दीडनंतर जा, तोवर त्यांचं जेवण झालेलं असतं.