मिसिसागाची फेरफार नोंद

मिसिसागा, कॅनडा

ती. बाबा,


ईशानच्या मुंजीचे फोटो अजून का आले नाहीत, असं तुम्ही दर फोनला विचारता आणि मी "पाठवते, पाठवते" म्हणते. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला येता आलं नाही, निदान फोटो तरी वेळेत मिळायला हवे होते, हे कबूल. पण फोनवर कारण सांगायला घेतलं की समीर फोन ओढून घेतो आणि तुम्ही बिचारे तासभर "हां, हां" करत बसता. म्हणून लिहूनच कळवते.

आमचा कॉम्प्युटर एवढा मंद झाला होता की बटण दाबून कुकर लावावा आणि तीन शिट्ट्या झाल्या की पासवर्ड टाकायला यावं. आत जुनी, तबकडी फिरणारी हार्ड डिस्क होती. समीरने तिच्या जागी एसएसडी आणली. दुकानातला मुलगा म्हणाला, जुनीचा क्लोन करून घ्या, सगळं जसंच्या तसं येईल. पण सॉफ्टवेअरमधल्या माणसाला इतकं सोपं काही सुचवलं की त्याला अपमान वाटतो. "जुना कचरा नव्या डिस्कवर कशाला?" म्हणत त्याने विंडोज कोरं टाकलं आणि पूर्वीच्याच नावांची चार खाती उघडली. त्याचं, माझं, ईशानचं आणि सध्या सहा महिन्यांसाठी आलेल्या अहोआईंचं. ईमेल टाकून खातं उघडलं की विंडोज त्यातली पहिली पाच इंग्रजी अक्षरं उचलून फोल्डरला नाव देतं, त्यामुळे तुमचे जावई आता 'कुलका' आहेत. ते नाव सहजासहजी बदलत नाही. मी बदलायचा आग्रहही धरलेला नाही.

मग जुनी डिस्क केबलने जोडली आणि मी माझं फोल्डर उघडायला गेले. उत्तर आलं, तुम्हाला परवानगी नाही. फोल्डरचं नाव माझं, खातं माझं, पासवर्ड माझा, फोटोतला मुलगाही माझाच. परवानग्यांच्या यादीत पाहिलं तर माझ्या नावाच्या जागी 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५-२१ पासून सुरू होणारी लांबलचक आकड्यांची रांग, शेवटी १००२.

समीरने समजावलं ते मला कळलं नाही. तुमची तलाठ्याची नोकरी आठवली तेव्हा कळलं. एकाच गावात तीन-तीन गणपत पाटील असायचे आणि तुम्ही नाव न बघता आठ-अ वरचा खाते नंबर बघायचात, तसंच हे. विंडोज माणसाला नावाने ओळखतच नाही. प्रत्येक खात्याला असा एक नंबर मिळतो. मधले आकडे त्या त्या विंडोजचे, शेवटचे खातेदाराचे. ५०० हा मुख्य अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा, ५०१ पाहुण्याचा, आपल्यासारखे सगळे १००० पासून पुढे. विंडोज नव्याने टाकलं की त्याच नावाला नवा नंबर, आणि जुन्या डिस्कवर हक्क मात्र जुन्या नंबराचा. मी आपली वारस नोंद न झालेल्या मुलीसारखी बांधावर उभी!

फेरफार करायचा अधिकार अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला, म्हणजे अर्थातच समीरला. त्याने अख्ख्या डिस्कची मालकी स्वतःच्या नावावर करून घेतली. पहिल्या खेपेला एक बारीक चौकोन टिक करायचा राहिला, आतल्या सगळ्या फोल्डरांचाही मालक बदला असं सांगणारा. त्यामुळे बाहेरचं फोल्डर उघडलं, आतलं एकही नाही. दुसऱ्या खेपेला टिक केली, तर हजारो फायलींची नावं एकामागून एक सरकायला लागली आणि हा चहा घेऊन सिनेमा बघावा तसा बघत बसला. आता सगळ्याचा मालक तो आणि मी अजून बाहेरच! मालकी घेतली म्हणजे इतरांना हक्क मिळतात असं नाही, ते वेगळे द्यावे लागतात. ते देताना त्याच्या चेहऱ्यावर जे औदार्य होतं, ते तुम्ही बघायला हवं होतं.

तेवढ्यात फोटोंची दुसरी डिस्क खटखट करायला लागली, म्हणून तीही बदलली. १ टेराबाइटची आणली, दिसतात ९३१ गिगाबाइट. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. मोजणी दोघांचीही बरोबर, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

खरा घोटाळा पुढेच झाला. एसएसडी लहान, म्हणून समीरने अहोआईंचं प्रोफाइल दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे डी वर हलवलं होतं. डिस्क बदलताना जुनी डी अजून जोडलेली, म्हणून नवीला ई हे अक्षर मिळालं. जुनी काढली तरी नवी ई च राहिली. अहोआईंनी लॉगिन केलं, विंडोजने प्रोफाइल डी वर शोधलं, तिथे काहीच नाही. मग त्याने त्यांना तात्पुरतं प्रोफाइल दिलं आणि बजावलंही, की इथे केलेलं सगळं साइन आउट केल्यावर पुसलं जाईल. पण ते इंग्रजीत, त्यामुळे अहोआईंनी कोपऱ्यातली फुली दाबली आणि दुपारभर टाइप करत बसल्या. संध्याकाळी सगळं गुल. समीर समजावायला गेला, तर म्हणाल्या, "मी इथे व्हिजिटर व्हिसावर आहे हे त्याला कोणी सांगितलं?"

समीरने रजिस्ट्रीत शिरून त्यांच्या प्रोफाइलचा पत्ता तपासला आणि शेवटी नव्या डिस्कला डी हे अक्षर परत दिलं. रीस्टार्ट केल्यावर अहोआईंच्या डेस्कटॉपवरचा विठोबा जागच्या जागी आला.

फोटो कालपासून पाठवायला लावलेत, एकूण सहाशेच्या वर आहेत. मातृभोजनाचे आधी येतील, तेवढे आईला दाखवा. दादा तुमच्या कॉम्प्युटरची डिस्क बदलणार म्हणत होता, त्याला म्हणावं क्लोनच कर. आणि डिसेंबरात आम्ही येऊ तेव्हा जावईबापूंनी "बघू जरा" म्हटलं, तर त्यांना आधी जेवायला वाढा आणि कॉम्प्युटर शेजारी नेऊन ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. अहोआईंनी त्या दुपारी टाइप केलं होतं ते आईने फोनवर सांगितलेलं मेतकुटाचं प्रमाण. पुन्हा विचारायला त्यांना संकोच वाटतो. आईला म्हणावं, या वेळी कागदावर लिहून पाठव.