त्याला फक्त अंडी लागतात

"अवं, खरं आहे का, कोपऱ्यावरच्या वहिनींच्या धाकट्याने तिकडे लीड्सला साप पाळला म्हणून?"

काकूंच्या हातात कढीपत्त्याची डहाळी होती, म्हणजे भिंतीपाशी येण्याचं अधिकृत कारण ते. झाड आमचं, भिंत दोघींची आणि बातमी अख्ख्या गल्लीची. वर्ध्यात एवढं पुरतं.

"खरं आहे," मी म्हटलं. "पण विषारी नाही. अंडीखाऊ आहे, आफ्रिकेतला."

"अंडी तर आपला नागही खातो. माझ्या सासरी खुराड्यातून किती वेळा हाकलला."

"नाग अंडी खातो, उंदीर खातो, बेडूकही खातो. हा पक्ष्यांच्या अंड्यांशिवाय कशालाच तोंड लावत नाही. दातही नावापुरतेच."

"मग फोडतो कशाने?"

इथे मला जरा भाव खाता आला, कारण वहिनींनी मला फोनवर व्हिडिओ दाखवला होता. तोंड बोटाएवढं आणि समोर अंडं त्याच्या तिप्पट. आधी जीभ लावून लावून वास घेतो. आत पिल्लू वाढलेलं असेल किंवा अंडं नासलेलं असेल तर सरळ सोडून देतो. पसंत पडलं की जबडा ताणत जातो, ताणत जातो, खवल्यांच्या मधली कातडी दिसायला लागते, आणि अंडं सगळंच्या सगळं आत. खरी गंमत पुढे आहे. मानेतल्या मणक्यांची खालची टोकं अन्ननलिकेत उतरलेली असतात. अंडं तिथवर पोचलं की तो मान इकडेतिकडे वळवून दाबतो, कवच फुटतं, बलक पोटात जातो. मग चेपलेलं कवच पापुद्र्यासकट, एका गठ्ठ्यात, तोंडावाटे बाहेर.

"व माय! खाऊन टरफल बाहेर ठेवतो? माझ्या नातवापेक्षा बरा आहे मग."

"वहिनींना हेच सांगून पटवलं त्याने. दुसरा कुठलाही साप पाळला असता तर फ्रीजरमध्ये गोठवलेले उंदीर ठेवावे लागले असते. तिकडे दुकानात मिळतात तसे, पाकिटातून. हा म्हणाला, आई, याला फक्त अंडी लागतात."

"आणि त्या हो म्हणाल्या? चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या?"

"उंदरांपेक्षा अंडी परवडली म्हणाल्या. तिकडे जाऊन तीन महिने राहायचं होतं न त्यांना."

काकू डहाळीवरची पानं खुडायला लागल्या. म्हणजे बैठक लांबणार.

आता खरं सांगायचं तर हा प्राणी हौशी माणसाला फसवतो. दिसायला गरीब, चावत नाही, उंदरांचा वास नाही, तिकडे असल्या बिनविषारी सापाला परवानाही लागत नाही. मला विचाराल तर इतका अडचणीचा पाहुणा दुसरा नसेल. त्याने आणला तेव्हा साप लहान होता. लहान सापाला कोंबडीचं अंडं काय, बटेराचंही मोठं होतं. त्याला फिंचसारख्या चिमण्या पक्ष्यांची अंडी हवीत, सुपारीपेक्षाही लहान. ती कुठल्याच सुपरमार्केटात मिळत नाहीत.

"मग काय केलं पोराने?"

"काय करणार? फिंच पाळले."

काकूंचा हात थांबला. "सापासाठी पक्षी?"

"आधी चार. आता एक खोली त्यांचीच आहे. मध्ये, साप जरा मोठा झाल्यावर, बटेराची अंडी आणून पाहिली होती, तर त्याला फ्रीजमधल्या अंड्याचा वासच आवडेना. घरट्याचा वास लागतो. मग म्हणे पिंजऱ्यातल्या गवतात, पिसांत अंडी घोळवून ठेवायची. वहिनींनीच घोळवली शेवटी. पोरगा ऑफिसात."

"रामा! सोवळ्यात?"

"ते मी नाही विचारलं."

त्यातच सापाने खाणं सोडलं. एक महिना, दोन महिने. पोरगा रात्री-अपरात्री उठून बघायचा, वजन करायचा. डॉक्टरकडे नेला तेव्हा कळलं की आफ्रिकेत पक्षी ठरावीक ऋतूतच अंडी घालतात, त्या दिवसांत हा सुगरणीच्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांवर चढून पोटभर खाऊन घेतो आणि उरलेले महिने उपाशी काढतो. त्याची घडणच तशी. बाजारात येणारे पुष्कळसे साप तर तिकडच्या रानातून धरूनच आणलेले असतात, अंगावर गोचिडं नि पोटात जंत घेऊन. म्हणजे पोराने पैसे मोजून आजारपणही आणलं असतं. मला तर वाटतं, जो प्राणी झाडावर चढून स्वतःचं अंडं स्वतः निवडतो त्याला डब्यात ठेवून आपण अंडी पुरवत बसायचं, यात हौस कोणाची आणि हाल कोणाचे?

"पण वहिनी घाबरल्या नाहीत?"

"घाबरल्या न! एकदाच. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं. डब्याचं झाकण काढलं तर यानं अंगाची वेटोळी घातली, कड्यावर कडं घासलं आणि खवल्यांचा खरखर-खरखर आवाज काढला. वहिनी सोफ्यावर! फुरसं, फुरसं म्हणून ओरडल्या."

"बाईचं चुकलं नाही मग. फुरसं असाच आवाज करतं."

"तेच तर! आफ्रिकेतही फुरशाची भावंडं आहेत. ती खरी विषारी. हा त्यांचं सोंग घेतो, रंगानं आणि आवाजानं, शत्रूनं लांब राहावं म्हणून. आपल्या वहिनींवर बरोबर लागू पडलं."

काकू खदखदून हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "आपल्याकडे नाही न अशी अंडीखाऊ जात?"

"आहे की. आणि कुठे माहीत आहे? इथेच, विदर्भात."

माझे दीर सर्पमित्र आहेत, त्यामुळे हे मला पाठ आहे. राइनहार्ट नावाच्या एका डॅनिश माणसाने 1863 मध्ये आपल्याकडच्या या अंडीखाऊ सापाची नोंद केली, रंगपूरचा नमुना पाहून, म्हणजे आताच्या बांगलादेशातला. पुढे कित्येक वर्षं तो फारच क्वचित दिसला. महाराष्ट्रातली पहिली नोंद छापून आली ती 2005 मध्ये. नंतर वर्धा-अमरावतीकडे सर्पमित्रांना तो आणखी सापडत गेला. तपकिरी-काळपट अंग, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर पिवळट-पांढरी रेघ, रात्रीचा फिरणारा. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याला मांजऱ्या सापांच्या गटात बसवलाय. रात्री रस्त्यावर आला की गाडीखाली जातो, नाहीतर काळा साप दिसला म्हणून कोणीतरी मण्यार समजून काठी घालतो.

"मग पोराला म्हणावं, इकडचाच घेऊन जा एक. स्वदेशी."

"काकू, हळू बोला! वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे तो. वाघ आहे त्याच यादीत. घरात ठेवला तर तीन ते सात वर्षं."

"सात वर्षं? एवढ्याशा सापाला?"

"एवढ्याशाच सापाला."

"आणि पोराचा तो किती जगतो म्हणे?"

"नीट सांभाळला तर दहा वर्षं सहज."

काकूंनी बोटांवर काहीतरी मोजलं. डहाळीला आता एकही पान नव्हतं, पण भिंत सोडायला त्या तयार नव्हत्या. आवाज मात्र एकदम खाली आला.

"म्हणजे सून येईल तेव्हा साप घरातच असणार. वहिनी स्थळं बघून राहिल्या न त्याच्यासाठी? अमरावतीच्या मुलीकडे बायोडाटा गेला म्हणे."

"गेला. मीच टाइप करून दिला."

"मग छंदांत काय लिहिलंस?"

"पक्षीपालन."