सेन्सर अण्णा

सेन्सर अण्णांना 'काय म्हणतेय बाग?' असं सहज विचारू नये. ते खिशातून मोबाईल काढतात आणि बाग काय म्हणतेय ते वाचून दाखवतात.

निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यात द्राक्षाच्या गावागणिक असा एक अण्णा आहेच. वय पन्नाशीपुढं, अंगात खताच्या कंपनीचा फुकटचा टीशर्ट, गळ्यात पॉवर बँक. वेलींमध्ये त्यांनी यंत्र उभं केलंय: लोखंडी खांब, उपड्या बशा एकावर एक रचल्यासारखी पांढरी डबी, सोलरची पाटी आणि पानाएवढी एक पट्टी. ही पट्टी किती तास ओली राहिली ते यंत्र मोजतं, त्याला तापमान-आर्द्रता जोडतं आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका मोबाईलवर धाडतं. गोडी छाटणीनंतर बाग पोंग्यात असताना पाऊस आला, की ही माहिती खरंच मोलाची. एक फवारणी वाचली तरी औषध, डिझेल, मजुरी वाचते. अण्णांना मात्र फवारणी वाचवण्यापेक्षा ती वाचल्याचं सांगण्यात गोडी जास्त.

काकू वेलीच्या बुडातली मूठभर माती दाबून बघतात आणि म्हणतात, "वाफसा आहे, आज पाणी नको."

"थांब गं, रीडिंग येऊ दे."

रेंज नसते. अण्णा बांधावर चढतात, मोबाईल आभाळाकडे धरतात, पाच मिनिटांनी खाली उतरून जाहीर करतात, "आज पाणी नको." तोवर काकू घरी पोचलेल्या असतात.

उपग्रहाचं प्रकरण त्याहून वरचं. युरोपच्या सेंटिनेल-२ च्या चित्रात एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. अण्णा आता पाहुण्यांना जमीन ठिपक्यांत सांगतात. पावसाळ्यात ढग आडवे येतात, उपग्रहाला खालचं काही दिसत नाही. तेवढे दिवस अण्णा नाइलाजानं बागेत जाऊन बघतात.

मेहुण्याच्या सोयाबीनवर त्यांनी ड्रोन आणवला. दहा लिटरची टाकी, दहा मिनिटांच्या आत एकर उरकलं. द्राक्षाला तो फारसा चालत नाही. डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या अंगाला वाढते आणि ड्रोन फवारतो वरून. तिथं ट्रॅक्टरचा ब्लोअरच लागतो. अण्णांना हे पक्कं ठाऊक आहे. पण ब्लोअरचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला तर बघणार कोण?

मोटरही मोबाईलवर. रात्रपाळीची लाईट आली की अंथरुणातूनच चालू. बिबट्याच्या मुलखात ही सोय लाखमोलाची, यात वाद नाही. फक्त ती खरंच चालू झाली का, हे बघायला अण्णा पोराला बॅटरी देऊन विहिरीवर पिटाळतात.

तुमच्या शिवारात असा अण्णा असेल तर त्याच्याशी वाकडं घेऊ नका. आजूबाजूच्या चार बागांना उपयोगी पडेल असा अंदाज तो चहासकट फुकट देतो. घ्या. मात्र 'मोटर बंद करायची राहिलीय' असं सांगून उठू नका. मोबाईल स्टार्टरवर आणखी तासभर ऐकावं लागेल.