कराटे सर

निगडी प्राधिकरणातून निघून भोसरी-मोशीमार्गे चाकणच्या तळेगाव चौकात पोचेपर्यंत जितक्या हाउसिंग सोसायट्या लागतात, त्यांतल्या बहुतेकींच्या क्लबहाउसात संध्याकाळी एक गृहस्थ अनवाणी उभे असतात. वय चाळिशीच्या आसपास. मान जवळजवळ नाहीच. कानांच्या पाळ्या घासून घासून जाड झालेल्या. टी-शर्टवर पुढे वाघ आणि मागे प्रायोजकाचं नाव. प्रायोजक म्हणजे कोपऱ्यावरचं अमृततुल्य. या गृहस्थांना नाव आहे, आडनाव आहे, गावाकडे सातबाऱ्यावर हिस्साही आहे. पण पालकांच्या मोबाइलमध्ये ते फक्त 'कराटे सर' आहेत.

सर कराटे शिकवत नाहीत. ते किकबॉक्सिंग आणि ग्रॅपलिंग शिकवतात. पहिल्या वर्षी त्यांनी हा फरक सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्धा तास समजावून सांगितला. सेक्रेटरींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लावली : 'सायं. ७ ते ८.३० : कराटे (लाथांसह).'

दिवसा सर चाकणला असतात, मोठ्या गाडी कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात, क्वालिटीला. काम म्हटलं तर सोपं. पार्ट गेजला लावायचा. 'गो' बाजू गेली पाहिजे, 'नो-गो' बाजू अडली पाहिजे. तसं झालं नाही की पार्ट लाल बिनमध्ये. महिनाअखेरीला डिस्पॅचवाला येऊन गळ घालतो, ''जाऊ द्या ना सर, उन्नीस-बीस आहे.'' सर गेज पुन्हा लावून म्हणतात, ''उन्नीस आहे.'' या एका उत्तरापायी त्यांचं प्रमोशन आजवर लांबत आलेलं आहे.

हाच माणूस संध्याकाळी पोरांसमोर उभा राहतो, आणि गेज घरी ठेवून येत नाही. भजनी मंडळाचे टाळ सातला कपाटात जातात, ग्लोव्हज बाहेर येतात. मॅटचे निळे-लाल चौकोन एकमेकांत अडकवायचं काम मुलांचं. एक जोड उचललेला दिसला की सगळी मॅट काढून पुन्हा. चपला पिवळ्या पट्टीच्या आत, टाचा भिंतीकडे. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सर येऊ शकत नाहीत, तेव्हा क्लास नववीतली एक सीनियर मुलगी घेते. त्या आठवड्यात कुणी दांडी मारत नाही. सरांना सबबी सांगता येतात. तिला सांगून पाहायची अजून कुणाची हिंमत झालेली नाही.

मुलगा हरून आला की बाकीच्या क्लासांत पंचांचा उद्धार होतो. सर वही काढतात. कारखान्यात पार्ट बिघडला की पाच वेळा 'का' विचारायची टोयोटाची पद्धत आहे. सरांनी ती पाचवीतल्या मुलांना लावली आहे.

''का हरलास?''

''तोंडावर ठोसा बसला.''

''का बसला?''

''डावा हात खाली होता.''

''का खाली होता?''

''दमलो होतो.''

''का दमलास?''

''सकाळी पळायला आलो नव्हतो.''

''का आला नव्हतास?''

''पप्पांची थर्ड शिफ्ट होती. आले ते झोपले. गाडीवर सोडायला कुणी नव्हतं.''

पाचव्या 'का'पर्यंत शेजारी उभ्या असलेल्या पप्पांची मान खाली गेलेली असते. पंच निर्दोष सुटतात.

नव्या मुलाला पहिल्या दिवशी सर ठोसा शिकवत नाहीत, लाथ शिकवत नाहीत. टॅप शिकवतात. गळा आवळला गेला, कोपर उलटं ताणलं गेलं, की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोनदा थोपटायचं. थोपटलं की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. यावर एखादी आई हमखास म्हणते, ''पहिल्याच दिवशी हार मानायला काय शिकवताय?'' सरांचं उत्तर ठरलेलं असतं : ''ताई, टॅप म्हणजे मशीनवरचं लाल बटण. कंपनीत ते दाबणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही.'' सरांनी प्रेस शॉपमध्ये बोटं गेलेली माणसं पाहिली आहेत. ते हे आईला सांगत नाहीत. पण टॅप झाल्यावर अर्धा सेकंद उशिरा सोडणाऱ्या मुलाला ते आठवडाभर मॅट पुसायला लावतात.

मात्र सरांची खरी परीक्षा आई-बाप घेत नाहीत, आजोबा घेतात. हा सगळा मुलूख मुळात तालमींचा. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी झाला. इथल्या आजोबांना कुस्ती कुणी समजावून सांगावी लागत नाही. ते नातवाला न्यायला येतात, सरांचे कान पाहून 'पैलवान आहे गडी' म्हणत समाधानाने खुर्ची ओढतात, आणि दोन मिनिटांत अस्वस्थ होतात. कारण नातू पाठीवर पडलेला असतो आणि सर ओरडत असतात, ''शाब्बास!''

कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला. ग्रॅपलिंगमध्ये खाली पडलेल्याने दोन्ही पायांचा विळखा वरच्याच्या कमरेला घातला की त्याला गार्ड म्हणतात, आणि तिथून हात किंवा गळा पकडून वरच्यालाच शरण आणता येतं. हे सगळं ऐकून घेतल्यावर एक आजोबा म्हणाले, ''म्हणजे हरल्यावर सुरू होणारा खेळ आहे तर.'' ग्रॅपलिंगची इतकी नेमकी व्याख्या सरांनाही आजवर करता आलेली नव्हती.

तरी सरांनी इतिहास काढून पाहिला. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये जपानात जूदो सुरू केला, त्यांच्या परंपरेतला मायदा ब्राझीलला गेला, तिथे ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरची झुंज वाढवली... आजोबांनी '१९५२, हेलसिंकी, खाशाबा जाधव, कांस्य' एवढंच म्हटलं आणि ब्राझीलचा विषय बंद केला. पण पुढच्या आठवड्यात तेच आजोबा खुर्चीवरून ओरडले, ''पट काढताना मान वर ठेव रे, गळा सापडेल त्याला!'' सर महिनाभर हेच सांगत होते. इंग्रजीत सांगत होते.

स्पर्धा रविवारी, मंगल कार्यालयात. कालनिर्णयात ज्या रविवारी लग्नाचा मुहूर्त नाही, तो स्पर्धेचा मुहूर्त. व्यासपीठावर नवरा-नवरीचा नक्षीदार सोफा तसाच असतो. त्यावर प्रमुख पाहुणे बसतात. पाहुणे नऊला येणार असतात, म्हणजे साडेअकराला येतात, आणि शाल-श्रीफळ होईपर्यंत पोरांचा वॉर्मअप होऊन, थंड होऊन, वडापाव खाऊन झालेला असतो.

त्याआधी सकाळी वजन. ३२ किलोच्या गटातलं पोरगं काट्यावर शंभर ग्रॅमने जास्त भरतं. टी-शर्ट उतरतो, घड्याळ उतरतं, शेवटी करदोटा उरतो. तो काढायला आजी फोनवरून नाही म्हणते. काही क्लासांत अशा वेळी मुलाला जॅकेट घालून पार्किंगमध्ये पळवतात. सर पळवत नाहीत, उपाशीही ठेवत नाहीत. ''वरच्या गटात खेळ,'' म्हणतात. वरच्या गटातला मुलगा दाढी यायच्या बेतात असतो. मग आजी करदोट्याला परवानगी देते.

या स्पर्धांतला एक चमत्कार म्हणजे मेडलांची संख्या. किकबॉक्सिंगमध्ये पॉइंट फायटिंग, लाइट कॉन्टॅक्ट, किक लाइट हे मॅटवरचे प्रकार. फुल कॉन्टॅक्ट, लो किक, के-वन हे रिंगमधले. ग्रॅपलिंगमध्ये गी आणि नो-गी, म्हणजे डगल्यासह आणि डगल्याविना. त्याला वयोगटांनी गुणा, वजनगटांनी गुणा, मुलगे-मुलींनी गुणा. या गुणाकाराच्या शेवटी अनेक गटांत एकच खेळाडू उरतो. तो कुणाशीही न लढता सुवर्णपदक घेतो आणि कॅमेऱ्याकडे पाहून ते चावतो. सरांच्या क्लासमध्ये असं मेडल भिंतीवर लागत नाही. ''इन्स्पेक्शन न झालेला माल आहे,'' ते म्हणतात. ''घरी लावा.'' एका पालकाने यावर क्लास बदलला. नव्या क्लासमध्ये त्याच्या मुलाची दोन मेडलं भिंतीवर आहेत, दोन्ही बिनलढतीची.

लढती सुरू झाल्या की कळतं, मुलं गणितात कच्ची नाहीत. पॉइंट फायटिंगमध्ये ठोशाला १ गुण, डोक्यावरच्या लाथेला २, उडी मारून डोक्यावर लाथ मारली तर ३. त्यामुळे प्रत्येक पोरगं आधी उडी मारतं; लाथ कुठे जाणार हे हवेत ठरतं. बाहेर सेफ्टी ऑफिसर असलेले पप्पा ''मार, मार!'' म्हणून किंचाळत असतात. आया मात्र वर्षभर क्लासच्या दारात बसून तयार झालेल्या असतात. ''अंडरहुक घे! कंबर खाली!'' अशा सूचना लातुरी, बुलढाणी आणि भोजपुरी ढंगात एकाच वेळी येतात. पोरगं मधल्या विश्रांतीत येतं तेव्हा आईचा शेवटचा सल्ला एकच असतो : ''नाक पूस.''

सर त्या विश्रांतीत स्थानिक इतिहास वापरतात. ''अरे, १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग शाइस्ताखानासमोर जवळजवळ दोन महिने झुंजवला. तुला दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या जड?''

पोरगं हुशार असतं. ''पण सर, शेवटी किल्ला गेला ना?''

''गेला. पण त्यासाठी खानाला सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला. तू साध्या जॅबवर पडलास.''

ती क्लास घेणारी नववीतली मुलगी खराबवाडीला भाड्याच्या खोलीत राहते. वडील कंत्राटी कामगार. अंतिम लढतीत ती समोरचीच्या पाठीवर जाते, गळ्याभोवती हात बसतो, टॅप होतो आणि तिचा हात त्याच क्षणी सुटतो. टाळ्या वाजतात. सरांच्या वहीत तिच्या नावापुढे 'सुवर्ण' लिहिलेलं नसतं. 'सोडलं वेळेत' असं लिहिलेलं असतं.

सोमवारी चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर मुलांचे फोटो तिकिटाएवढे, शुभेच्छुकांचे दारांएवढे. एका पालकाने सरांना विचारलेलं असतं, ''हे ऑलिम्पिकमध्ये आहे का?'' सरांनी खरं ते सांगितलेलं असतं : ''२०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने किकबॉक्सिंगच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. पण ऑलिम्पिकच्या मैदानात हा खेळ अजून नाही.'' फ्लेक्स छापणाऱ्यापर्यंत यातलं पहिलं वाक्य पोचतं.

आणि मग येतो तो प्रश्न, ज्यासाठी निम्मे पालक क्लासला येतात : ''सर, हे सर्टिफिकेट दहावीला चालतं ना? पुढे नोकरीला?'' महाराष्ट्रात दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्याला स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची लागते, आणि नोकरीच्या वेळी क्रीडा खातं प्रमाणपत्र पडताळून पाहतं. एकेका खेळाच्या चार-चार संघटना, चौघींच्या लेटरहेडवर 'राष्ट्रीय'. या प्रश्नाला 'चालतंय की' असं उत्तर दिलं तर क्लासची पटसंख्या दुप्पट होते. सर सर्टिफिकेट हातात घेतात, दोन्ही बाजूंनी पाहतात आणि म्हणतात, ''हे नाही चालणार.'' पालक म्हणतो, ''बघा ना सर, उन्नीस-बीस...'' तो चुकीच्या माणसाशी बोलत असतो.

म्हणून पिंपरी-चिंचवडच्या पालकांना एक सांगणं. मुलाला क्लासला घालण्याआधी भिंतीवरची मेडलं मोजू नका. सरांना एवढंच विचारा, की मुलगा हरला तर तुम्ही काय करता? जे पंचांना शिव्या घालतील त्यांना नमस्कार करून निघा. जे वही काढतील त्यांच्याकडे नाव घाला. आणि फी पाच तारखेच्या आत द्या. सरांचा पगार सात तारखेला होतो, पण मॅटचा हप्ता पाचलाच जातो.