गुडघ्यातली मींड

पेटी वाजवणाऱ्याला सगळं मिळतं, मींड तेवढी मिळत नाही. गायक ‘ग’वरून ‘म’वर अलगद सरकत जातो आणि आपण दोन पट्ट्यांमधली फट बोटांनी चाचपत बसतो. याच उणिवेपायी आकाशवाणीने १९४० साली पेटीला दाराबाहेर काढलं होतं, आणि ते दार किलकिलं व्हायला १९७१ उजाडावं लागलं. बँकेतली नोकरी सांभाळून मी भजनी मंडळाला साथ केली ती या सलासकट. मग त्यावर उतारा म्हणून एक सिद्धांत तयार केला: मला नसेल येत, पण मींड ही आपलीच, परदेशात तिचा पत्ता नाही. मुलगा अमेरिकेत नॅशव्हिलला स्थायिक झाला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे मुक्कामाला निघालो, तेव्हा लोणच्याच्या बरण्यांसोबत हा सिद्धांतही सामानात होता. बरण्या विमानतळावर सुखरूप उतरल्या.

सिद्धांत फुटला मुलाच्या गाडीत. रेडिओवर जुनं कंट्री गाणं लागलं होतं, बक ओवेन्सचं ‘टुगेदर अगेन’, १९६४चं. गायक मध्येच थांबला आणि मागे काहीतरी हुंदके देऊ लागलं.

“व्हायोलिन,” मी अधिकारवाणीने म्हणालो.

“गिटार आहे, बाबा. स्टील गिटार.”

“म्हणजे आपली हवाईयन गिटार. आमच्या लहानपणी रेडिओवर व्हॅन शिपली वाजवायचे. बातम्यांच्या आधी वेळ उरला की तीच लावत.”

मुलगा गप्प बसला. मुलं पस्तिशीला आली की बापाला दुरुस्त करण्याचे कष्ट घेत नाहीत. पण गाणं संपेपर्यंत मलाच शंका येऊ लागली. हवाईयन गिटारमध्ये तारांवर पोलादी कांब सरकवतात. ती सरळ धरून सरकवली की खालच्या सगळ्या तारांचे स्वर एकत्र सरकतात. इथे तसं नव्हतं. तीन स्वर एकदम वाजत होते, त्यातला एक जागचा हलत नव्हता, आणि बाकीचे दोन त्याच्या अंगावरून घसरत दुसऱ्याच ठिकाणी जाऊन बसत होते. अशी मींड मी कधी ऐकली नव्हती. एकाच वेळी थांबायचं आणि निघायचं, हे मला बँकेतसुद्धा जमलं नव्हतं.

त्या शनिवारी मी हट्टाने नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावर गेलो. तिथे ओळीने दारूची दुकानं आहेत आणि प्रत्येकात दिवसाउजेडी गाणंबजावणं चालू असतं. एका ठिकाणी स्टीलवादकाच्या पुढ्यातच जागा मिळाली. वाद्य पाहून हिने विचारलं, “हे शिलाई मशीन इथे कशाला मांडलंय?” चार पायांवरची फळी, वर तारा, खाली पायटे, मागे खुर्चीवर बसलेला माणूस, तिचं निरीक्षण चूक म्हणता येईना. वादक चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू न देता वाजवत होता. एका जागी त्याने असा काही स्वर खाली आणला की माझ्या तोंडून “क्या बात है!” निघालं, हात वर गेला, मान डोलली, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा वेट्रेस माझ्यासमोर पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती आणि मुलाला विचारत होती की यांना काही होतंय का.

मुलाच्या शेजारी एक निवृत्त ट्रकचालक राहत. त्यांच्या घरात हेच वाद्य आहे असं कळल्यावर मी ओळख काढली. सुनेने चकल्या दिल्या होत्या, त्या पुढे करून मी म्हणालो, “मीही वादक आहे.” परदेशात खोटं बोलायचं तर सुरुवात अशीच करावी लागते.

म्हातारबुवांनी वाद्य उलगडून दाखवलं. दहा तारा. पेडल दाबलं की खालची दांडी ओढली जाते आणि ठरावीक तारांचा ताण वाढतो. त्यांनी ‘सा-ग-प’ छेडलं आणि दोन पेडलं एकदम दाबली: ‘ग’चा ‘म’ झाला, ‘प’चा ‘ध’ झाला, ‘सा’ जागेवर! पेडलं पूर्वीही होती, ते म्हणाले, पण ती दाबायची ती दोन सुरावटींच्या मध्ये, तारा नव्या मेळात लावून घेण्यापुरती. १९५३च्या अखेरीस वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. ते गाणं १९५४ साली १७ आठवडे कंट्रीच्या यादीत अव्वल राहिलं आणि बाकीचे स्टीलवादक आपापल्या वाद्याखाली दांड्या बसवायला शिरले.

मी म्हणालो, “बसून पाहू?”

इथून पुढचं सांगणं अवघड आहे. उजव्या हाताला अंगठा आणि दोन बोटांत नख्या. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांब. तारांखालच्या पट्टीला पडदे नाहीत, नुसत्या रेघा रंगवलेल्या. कांब रेघेच्या बरोबर वर हवी, केसभर इकडेतिकडे झाली की बेसूर. डावा पाय पेडलांवर. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर. आणि दोन्ही गुडघ्यांना फळीखाली लोंबणाऱ्या दांड्या, ज्या डावीकडे, उजवीकडे रेटायच्या आणि एक तर वर उचलायची. त्यांच्या वाद्यात ‘सा’वरून ‘नी’वर उतरायचं तर गुडघा बाहेर काढावा लागे. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे पाहून आमच्या डॉक्टरांनी मांडी घालून पेटी वाजवायलाही मनाई केली आहे. मी गुडघा रेटला. ‘सा’ जागेवर राहिला, स्वर माझ्या तोंडून आला.

पहिली तार सगळ्यात उंच असेल असं समजून मी छेडली. सगळ्यात उंच तिसरी! बडी एमन्स या महान वादकाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोन तारा वाढवल्या, त्या वरच्या बाजूला, पण सुरांच्या क्रमात नाही. अठराव्या वर्षी नॅशव्हिलला येऊन नाव काढणाऱ्या माणसाला आमच्यासारख्यांची अडचण कळायची कशी? पेटीची पट्टी सोडली की आवाज थांबतो. इथे थांबवल्याशिवाय काही थांबत नाही. छेडलेली प्रत्येक तार तळव्याच्या कडेने गप्प करावी लागते. मी एकीला गप्प करेपर्यंत उरलेल्या नऊ जणी बोलू लागत.

घात केला तो उजव्या पायाने. आवाजाच्या पेडलची गंमत अशी की तार विझू लागली की पाय हळूहळू दाबत आवाज वाढवत न्यायचा. ते हुंदके त्यातून येतात. माझ्या उजव्या पायाला मात्र वेगळं वळण लागलेलं. महामार्गावर मुलगा गाडी चालवत असताना मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत असतो. कांब हातातून निसटली, तारांवर आदळली, आणि मी घाबरून करकचून ब्रेक लावला. आवाज एकदम पूर्ण झाला. समोरच्या घरातला माणूस अंगणात आला.

म्हातारबुवा सज्जन. कांब उचलत ते म्हणाले, “तुमचा कान चांगला आहे. तुम्ही ऐकायला येत जा.” माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत सभ्य हाकलणं. मी जात राहिलो. त्यांनी राल्फ मूनी ऐकवला, १९५६च्या ‘क्रेझी आर्म्स’चा सहकवी, लॉइड ग्रीन ऐकवला, ज्याला १९६८ साली बर्ड्ससारख्या रॉकवाल्यांनीही बोलावून घेतलं. आता एखादा साधा तुकडा वाजतो तेव्हा माझा डावा गुडघा आपोआप दुखतो, कारण त्या जागी काय काय हलत असेल हे त्याला ठाऊक आहे.

‘टुगेदर अगेन’मधलं टॉम ब्रमलीचं वादन तुम्हीही ऐका, आणि रे प्राइसच्या १९६३च्या ‘नाइट लाइफ’मध्ये एमन्स काय करतो तेही. घरीच ऐका. ब्रॉडवेवर जाऊन ऐकणार असाल तर डोळे मिटू नका. पाणी आणून देतात.