पांडू मूळचा कुठला?

मुंबई पोलीस दलात शिपाई आहे, हवालदार आहे, उपनिरीक्षकापासून आयुक्तांपर्यंत सगळी उतरंड आहे. नाही ती फक्त 'पांडू' ही पोस्ट. पगारपत्रकात तिचा पत्ता नाही, पण गिरगाव ते लालबाग कुठल्याही नाक्यावर लोकांना तीच पाठ.

हे नाव आलं कुठून, यावर तीन घराणी आहेत. लालबाग घराण्याचं म्हणणं सरळ : साल १९७५, दादा कोंडके, 'पांडू हवालदार'. दादा नायगावचे, गिरणी कामगाराच्या घरातले, तेव्हा शोध आपल्याच चाळीचा. गिरगाव घराणं मान हलवतं. कोकणातून, घाटावरून पोरं भरती व्हायची, हाक मारली की त्यात एखादा पांडुरंग निघायचाच. दादांनी नाक्यावरचं उचलून पडद्यावर लावलं, एवढंच. लंडनला हा ताप नाही. १८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी पोलीस दल उभारलं आणि त्यांच्या रॉबर्टवरून शिपाई 'बॉबी' झाला. थेट गृहमंत्र्याचं नाव! आपल्याकडे गृहमंत्र्यांचं नाव हवालदाराला ठेवून बघा.

दादर घराणं अर्थातच विद्वान. ते महाभारतातच शिरतं. पंडू राजाला शाप होता, हात लावला की मरण. हवालदारालाही काही गाड्यांना हात लावायची सोय नसते. व्युत्पत्ती शंभर टक्के खोटी, पण टाकवत नाही. पांडुरंग म्हणावा, तर देव काळा आणि नावाचा अर्थ पांढरा. म्हणजे तिथेही पंचनामा अपुराच. हात कमरेवर ठेवून उभं राहणं तेवढं दोघांत सारखं. त्यातही देवाला वीट मिळाली, गणपतीच्या बंदोबस्तात लालबागला तीही नाही.

व्याकरण मात्र पक्कं आहे. सिग्नलच्या अलीकडून 'पांडू', जवळ गेल्यावर 'मामा', आणि गाडीची चावी त्याच्या हातात गेली की 'साहेब, जाऊ द्या ना.'

दिल्लीत २०१५ साली तेव्हाचे मुख्यमंत्री केजरीवाल पोलिसांना 'ठुल्ला' म्हणाले. एका शिपायाने बदनामीचा खटला भरला, तेव्हा उच्च न्यायालयाने त्यांनाच विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? शब्दकोशात सापडत नव्हता. मुंबईत असा खटला उभा राहिला, तर तिन्ही घराण्यांना साक्षीला बोलवावं लागेल. समन्स घेऊन दारात कोण येईल, हे सांगायला नको. त्याला 'या साहेब, बसा' म्हणायचं आणि चहा टाकायचा.