पाचव्या खातेदाराची कैफियत

संगणकावर विंडोज आधीपासून नांदत असताना त्याच्या शेजारी लिनक्स टाकू पाहणाऱ्या सुशिक्षित माणसाचा असा समज असतो की हा सारा प्रश्न जागेचा आहे, म्हणजे डिस्कवर जागा असेल तर लिनक्स मावेल आणि नसेल तर मावणार नाही. परंतु दोनशे जीबीचा मोकळा पट्टा ढळढळीत दिसत असताना लिनक्सचा इन्स्टॉलर त्याच पट्ट्यावर ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून स्वस्थ बसतो, तेव्हा या समजाला पहिला तडा जातो. वास्तविक डिस्कवर मान जागेला नसून नोंदीला असतो, आणि सातबाऱ्यावर नाव चढवून घेण्यासाठी ज्याने तलाठ्याच्या कार्यालयात चपला झिजवल्या आहेत त्याला हे तत्त्व नव्याने शिकवण्याची गरज नाही.

पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कचे पाडलेले वाटे, आणि प्रत्येक वाटा कुठे सुरू होतो व किती लांब आहे हे लिहून ठेवणारा तक्ता म्हणजे पार्टिशन टेबल. या तक्त्याची एमबीआर नावाची जुनी पद्धत १९८३ साली पीसी-डॉसच्या २.० या आवृत्तीबरोबर आली. डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटांच्या सेक्टरातील ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रामला आणि शेवटचे २ ओळखखुणेला दिल्यावर तक्त्याच्या वाट्याला ६४ बाइट येतात; एका नोंदीला १६ बाइट लागतात, त्यामुळे डिस्क कितीही अवाढव्य असली तरी मूळ नोंदी चारच होतात. त्या वर्षीच्या आयबीएम पीसी एक्सटीमधली डिस्कच १० एमबीची होती, तेव्हा तिचे चाराहून अधिक वाटे मागणारा मनुष्य केवळ भांडकुदळ ठरला असता, हे पूर्वसुरींच्या बाजूने म्हटले पाहिजे.

पुढे लॅपटॉप विकणाऱ्यांनी या चारही जागा आपणच भरून टाकण्याचा परिपाठ ठेवला. एक छोटे पार्टिशन विंडोज सुरू करण्यासाठी, दुसरे म्हणजे सी ड्राइव्ह, तिसरे रिकव्हरीचे आणि चौथे कंपनीच्या स्वतःच्या साधनांचे, अशी ती व्यवस्था असे. यांपैकी चौथे कधी कोणी उघडून पाहत नसे आणि तिसऱ्याचा उपयोग कोणाला झाल्याचे क्वचितच ऐकू येई, तरीही ती पुसण्याची वेळ आली की मालकाचा हात थरथरत असे. उपाय शास्त्रात दिलेला आहे: चारांपैकी एक नोंद ‘एक्स्टेंडेड’ म्हणून घोषित करावी आणि तिच्या पोटात ‘लॉजिकल’ म्हणवली जाणारी हवी तितकी पार्टिशन करावीत, मात्र त्यासाठी आधी कोणाला तरी उठवावे लागते. हे टाळण्यासाठी जो विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटकडे पाचवे पार्टिशन मागतो, त्याला ते नकार देत नाही, उलट अत्यंत अदबीने डिस्क ‘डायनॅमिक’ करून देण्याची तयारी दाखवते. या शब्दातील चैतन्याला भुलून होकार दिला की लिनक्सच्या इन्स्टॉलरला त्या डिस्कवर पाऊल ठेवणे दुरापास्त होते, आणि विंडोजच्याच साधनांनी मागे फिरायचे तर सगळे पुसावे लागते.

जीपीटी या नव्या पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते आणि जुन्या पद्धतीची सुमारे २ टीबीची मर्यादाही उरत नाही. तंटे मात्र मिटले नाहीत, त्यांचे विषय बदलले. सी ड्राइव्ह आकसून लिनक्सला जागा करून द्यावी म्हटले, तर पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोर पॉइंटच्या प्रती अशा काही न हलणाऱ्या फायली नेमक्या मधोमध ठाण मांडून बसलेल्या आढळतात आणि तीनशे जीबी रिकामी असूनही विंडोज पंधरा-वीस जीबीच सोडायला राजी होते. त्या सोयी तात्पुरत्या बंद करून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. शिवाय विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ची प्रथा आल्यामुळे संगणक बंद केला तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपते, लिनक्स ही गोष्ट ताबडतोब ओळखते आणि झोपलेल्याच्या मालमत्तेत लिहायला नकार देते, जो शिष्टाचार घराघरांत दुर्मीळ आहे.

काही लॅपटॉपांत तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. ती इंटेलच्या आरएसटी पद्धतीने जोडलेली असते आणि विंडोजच्याही आधी जागे होणाऱ्या फर्मवेअरच्या पडद्यावर जाऊन ती पद्धत एएचसीआय करावी लागते. परंतु तत्पूर्वी विंडोजला सेफ मोडमध्ये उठण्याची सूचना देऊन ठेवली नाही, तर लिनक्सला डिस्क दिसू लागते आणि विंडोजला दिसेनाशी होते. त्यात बिटलॉकर हे विंडोजचे डिस्ककुलूप चालू असेल तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. याच सुमारास घरातील संगणक कळणाऱ्या भाच्याला फोन जातो, आणि तो पलीकडून शांतपणे, “मामा, बॅकअप घेतलाय ना?” असे विचारतो, या प्रश्नाला मराठी कुटुंबांत आजवर “म्हणजे, तसा...” याखेरीज उत्तर मिळाल्याचे ज्ञात नाही.

सर्वांत घातक चूक मात्र भलत्याच डिस्कवर बोट ठेवण्याची. लिनक्स डिस्कला एसडीए, एसडीबी अशी नावे देते, ती जोडण्यांप्रमाणे बदलू शकतात, आणि पेनड्राइव्ह समजून फॉरमॅट मारला तो लग्नाच्या फोटोंवर, असे होते. या चुकीची परंपरा थोर आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या आत्मकथनात नमूद केल्याप्रमाणे, विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावण्याची आज्ञा त्यांनी मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कला दिली आणि त्यात ते तोवर वापरत असलेल्या मिनिक्स या प्रणालीचे पार्टिशन गेले. तेव्हा मिनिक्स पुन्हा टाकण्याऐवजी त्यांनी आपली नवजात लिनक्सच वापरायला घेतली. इतकी दूरदृष्टी नसलेल्यांसाठी टेस्टडिस्क हा प्रोग्राम आहे. पार्टिशन डिलीट केले तरी पुसली जाते ती फक्त नोंद, मजकूर जागच्या जागी असतो, आणि टेस्टडिस्क पार्टिशनांच्या आरंभखुणा धुंडाळून तक्ता नव्याने लिहून देते. अट एवढीच की दरम्यान त्या जागेवर काही लिहिलेले नसावे, आणि घाबरलेला मनुष्य पहिली गोष्ट करतो ती म्हणजे इन्स्टॉलर पुन्हा चालवणे.

हे सर्व पार पडून ‘इन्स्टॉलेशन पूर्ण’ असा संदेश झळकतो, संगणक रीस्टार्ट होतो, आणि थेट विंडोज उघडते. लिनक्स डिस्कवर सुखरूप असते, तक्त्यात तिची नोंदही झालेली असते, परंतु फर्मवेअरच्या बूट क्रमात विंडोजच पहिले राहिलेले असते; तो क्रम बदलण्यासाठी एफ२, एफ१०, एफ१२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी नेमके कोणते बटण दाबावे, हे ज्या पडद्यावर लिहिलेले असते तो चष्मा सापडेपर्यंत निघून जातो.